नागझिऱ्याचा गेंडा

"म्हणजे धडधडीत चूक कानावर पडत असताना मी गप्प बसायचं, महाराज?"

इंदुमतीबाईंचा आवाज जरा चढलाच. नवऱ्याचं सांगणं आपण रोज दुरुस्त करतो असं त्या म्हणाल्या, तेव्हा दौलतगीर महाराजांनी एवढंच विचारलं होतं, "काहून दुरुस्त करता, बाई, त्यांना?" आणि ते बाईंना नेमकं लागलं.

"गप्प बसा असं कुठं म्हटलं मी," महाराज म्हणाले. "काहून, एवढंच विचारलं."

सालईटोल्याचा तो मठ तरी केवढा... दोन कौलारू खोल्या, पुढे शेणानं सारवलेला ओटा, अंगणात मोहाचं थोरलं झाड, आणि झाडापलीकडे लगेच जंगलच सुरू. खानझोडे नवराबायको दर उन्हाळ्यात नागपूरहून नागझिऱ्याला निघाले की त्यांची गाडी इथं थांबायची. दिगंबरराव उतरायचे, महाराजांच्या पाया पडायचे, माठातलं गार पाणी पोटभर प्यायचे. बाई गाडीतच बसून राहायच्या. उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेलेला. साधुबैराग्यांकडे जाणं त्यांना कधी जमलं नाही, आणि जमवावं असंही वाटलं नाही.

आज त्या उतरल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि कुणापाशी तरी बोलल्यावाचून आता राहवत नव्हतं.

दिगंबरराव मोहाखालच्या बाजेवर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, बायकोनं नीट पाडून दिलेला भांग, हात मांडीवर. नजर समोर होती, पण ती कशावर आहे ते सांगता आलं नसतं.

"बोलतच नाहीत आता," बाई म्हणाल्या. "संक्रांतीपासून एक शब्द नाही. चहा हवा असला की कपाकडे बोट दाखवतात. घरात आम्ही दोघंच, मूल ना बाळ. दिवसभर मी बडबडते आणि भिंती ऐकतात... मला ओळखत नाहीत, तेही मी सोसलं, महाराज. पण त्यांचा आवाज तरी कानावर पडू दे. माझं दुसरं काही मागणं नाही."



आता बाईंची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्या काही कजाग नव्हत्या. नवऱ्याला विसरण्याचा आजार जडला तेव्हा नातेवाइकांनी नुसते उसासे टाकले. कंबर कसली ती बाईंनीच. आणि त्यांच्याजवळ भांडवलही होतं. दोघांनी मिळून देशातली किती जंगलं पालथी घातली होती. कान्हा, काझीरंगा, बंदीपूर, मेळघाट... एकेका जंगलाचा एकेक अल्बम कपाटात होता. आणि बाईंची आठवण कशी म्हणाल, तर कोणत्या वाटेवर कोणत्या झाडाच्या ढोलीत घुबड बसलं होतं ते झोपेतून उठवून विचारावं. त्यांनी मनाशी धरलं, माणूस हातून निसटायला लागलाय, तर या आठवणींना धरून त्याला परत ओढून आणू. रोज दुपारी जेवणं उरकली की अल्बम समोर. "हे बघा. आठवा. कुठलं जंगल हे? काय पाहिलं होतं आपण इथं?"

दिगंबरराव सांगायचे. अगदी हौसेनं, हातवारे करून सांगायचे. फक्त चुकीचं सांगायचे.

"नागझिऱ्याच्या तळ्यावर गेंडा पाहिला म्हणतात," बाई म्हणाल्या. "आता काय बोलावं? नागझिऱ्यात गेंडा कुठून येणार? गेंडा आम्ही पाहिला तो आसामात, काझीरंग्यात. नागझिऱ्यात रानगवा पाहिला. मी सांगितलं तसं. एकदा नाही, रोज सांगितलं. पुस्तक उघडून चित्रं शेजारी शेजारी ठेवली. आधी म्हणायचे, नाही गं, गेंडाच. मग म्हणायला लागले, चुकलं असेल माझं. आणि मग..."

"मग?"

"मग सांगायचंच बंद केलं."

महाराजांनी मान हलवली.

"मी शिक्षिका आहे, महाराज. चुकीचं उत्तर तसंच सोडून दिलं की ते डोक्यात पक्कं बसतं. मग निघता निघत नाही. मी काय वाईट केलं सांगा."

महाराज भिंतीला टेकून बसले. वय झालेलं, गुडघेही कुरकुरत असावेत. पाय लांब करत म्हणाले, "तुम्हीच सांगा ना जी एखादं. आम्ही जन्मभर इथं पडून. हे एवढं जंगल सोडलं तर दुसरं काही पाहिलं नाही."

बाईंचा चेहरा एकदम निवळला. असं त्यांना कुणी विचारून किती दिवस झाले होते.

"कान्ह्याचं सांगते," त्या सरसावून बसल्या. "डिसेंबरचे दिवस. पहाटे जिप्सीतून निघालो. थंडी अशी की बोटं वळेनात. पुढे हे एवढं गवताचं मैदान, आणि त्यावर धुकं. आमचा वाटाड्या म्हणाला, थांबा. आणि त्या धुक्यातून एक बारासिंगा..."

"चितळ असंल," महाराज म्हणाले.

"नाही, बारासिंगा. मोठा नर होता. शिंगांत गवत अडकलेलं. माजावर आले की शिंगं गवतात घुसळतात ते, आणि मग तसेच मिरवत..."

"गवत नसंल. वेल असंल एखादी."

बाई थांबल्या. "गवतच होतं. पाहिलंय ना मी." त्यांनी पदर सावरला. "तर तो अगदी आमच्यासमोर आला, मान वर केली आणि ओरडला. तो आवाज असा..."

"थंडीत नाही ओरडत ते."

"तुम्ही कान्हा पाहिलं आहे का, महाराज?"

"नाही जी."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही सांगा पुढं."

बाईंनी तोंड उघडलं. ती पहाट अजून डोळ्यांपुढे होती. धुकं होतं, तो नर होता, त्याच्या तोंडातून निघणारी वाफसुद्धा होती. पण बोलणं काही बाहेर येईना. आतून संताप आला होता. आणि संतापाच्या खाली, कळत नव्हतं का, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता नाही सांगावंसं वाटत."



मोहाच्या वरच्या फांदीवर तांबट पक्षी टुक टुक करत होता. तेवढाच काय तो आवाज.

मग हळूहळू बाईंची मान वळली. मोहाखाली बसलेल्या नवऱ्याकडे त्या पाहत राहिल्या. ते हात, ती मांडी, तो भांग. डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत.

"मीच त्यांचं तोंड बंद केलं," त्या म्हणाल्या. "मीच, महाराज..."

महाराज ओट्याचा आधार घेत उठले, अंगणात उतरले आणि मोहाखालच्या बाजेवर जाऊन बसले. दिगंबररावांच्या समोर नव्हे, शेजारी. त्यांची नजर जिकडे होती तिकडेच आपणही पाहू लागले.

बाई मागोमाग गेल्या आणि झाडाच्या बुंध्याशी उभ्या राहिल्या.

ऊन कलायला लागलं.

"दिगंबरराव," महाराज म्हणाले, "आमच्या तळ्यावर गेंडा आला होता म्हणतात."

बाई चपापल्या.

दिगंबरराव हलले नाहीत. त्यांनी ऐकलं की नाही तेही कळेना. महाराजांनी पुन्हा विचारलं नाही. नुसते बसून राहिले...

"आला होता," दिगंबरराव म्हणाले.

घसा बसलेल्या माणसासारखा आवाज. बाईंनी झाडाला घट्ट धरलं.

"हं जी," महाराज म्हणाले.

"मोठा होता. एकटाच. म्हातारा झाला म्हणून कळपानं टाकला असेल."

"हं."

"काळाभोर. आणि पायांत पांढरे मोजे."

गेंड्याच्या पायांत कुठले आलेत मोजे! गुडघ्याखाली पांढरे पाय असतात ते रानगव्याचे. बाईंना ती संध्याकाळ लख्ख आठवली. तोच गवा, तेच तळं, तीच लपून बसायची जागा. म्हणजे यांना सगळं आठवतंय, नाव तेवढं दुसऱ्याच जनावराचं घेतात. "अहो, गवा तो," हे शब्द अगदी जिभेवर आले. बाईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला.

"मग?" महाराज म्हणाले.

"मग काय, पाण्याशी येईना. आमचा वास लागला असेल. वरच थांबला. तहान लागलेली, पण येईना." दिगंबरराव जरा थांबले. "एक बाई होती माझ्याबरोबर."



"हं जी."

"तिनं माझा हात धरला. घट्ट. आणि रडायला लागली. आवाज नाही, हुंदका नाही... नुसती डोळ्यांतून धार."

"काहून जी?"

दिगंबररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. जणू अंधाऱ्या खोलीत काही चाचपत असावेत. महाराजांनी घाई केली नाही.

"त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो होतो ना आम्ही. मूल होणार नाही म्हणाले. घरी सगळे विचारणार. तिला घरी जायचं नव्हतं. म्हणून मी जंगलात आणलं तिला."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. म्हणजे डॉक्टर ठाऊक होते, ते रडणंही ठाऊक होतं. पण ते कुणाला दिसलं हे नव्हतं ठाऊक. उजेड कमी झालाय, नवऱ्याचं लक्ष जनावराकडे आहे, असं पाहूनच त्या संध्याकाळी त्यांनी डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं होतं. नंतर तोंड पुसून गव्याच्या सवयींविषयी वाटभर बोलत राहिल्या होत्या. पुढे कधी भांडणात त्यांनी नवऱ्याला सुनावलंही होतं, तुम्हाला जंगलातलं पान हललेलं दिसतं, माझं कधी काही दिसलं नाही. दिगंबररावांनी तेव्हा मान खाली घातली होती. उलट उत्तर दिलं नव्हतं.

"मग तुम्ही काय केलं?" महाराजांनी विचारलं.

"काही नाही. गेंड्याकडे पाहत बसलो."

"हं."

"मी तिच्याकडे पाहिलं असतं तर तिनं डोळे पुसले असते. लगेच पुसले असते. मानी होती फार." त्यांनी मान हलवली. "रडू द्यायचं होतं तिला."

वारा पडला होता. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आणि मग उतरला तो," दिगंबरराव म्हणाले. चेहऱ्यावर किंचित हसू आलं. "हळूहळू उतरला. थांबला. परत उतरला. मोजे भिजवले पाण्यात. आणि तोंड लावलं."

ते थांबले. समोरच्या झाडीकडे पाहत राहिले, ओठ अजून हलत होते.

बाईंना आता उभं राहवेना. दोन पावलं पुढे आल्या. इतक्या महिन्यांनी त्यांचा माणूस हाताच्या अंतरावर होता. एक शब्द टाकला की वळून बघेल, ओळखेल, इंदू म्हणेल, असं त्यांना अगदी आतून वाटलं. त्या महाराजांच्या मागे येऊन थांबल्या, आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सांगू का त्यांना, महाराज? ती बाई मीच म्हणून... सांगू?"

महाराजांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त हाताचा तळवा जरासा वर केला.

"थांबा, बाई. त्याचं पाणी पिऊन होऊ द्या."