वाढलेली बांगडी

डोंगराच्या कुशीत, करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, एक एवढंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक एवढंसं घर. त्या घरात आप्पा कासार राहत, आणि त्यांच्या दोन लेकी, थोरली मथू नि धाकटी बकू. त्यांची आई गेल्या वर्षी देवाघरी गेली होती. बाळांनो, घरातलं एक माणूस गेलं की कधी कधी सगळं घरच मुकं होतं. तसं ते घर झालं होतं.

आप्पा बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडत. हिरव्या, लाल, मोरपंखी, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या ते दुसऱ्यांच्या लेकीबाळींच्या हातांत भरत. भरून झाल्या की प्रत्येकीला एक बांगडी वरची देत. ती हिशेबात धरायची नसे. ती आशीर्वादाची.

पूर्वी गावातल्या बायका बांगड्या भरायला त्यांच्याच सोप्यात येऊन बसत. सोपा म्हणजे घरात शिरताच लागणारी पाहुण्यांची खोली. आता त्या सोप्याची भिंत धुरानं काळी पडली होती, जमीन उखणली होती, आणि बसायला म्हणाल तर एक फाटकी चटई. परसात आईनं लावलेली भाजी कधीच वाळून गेली होती. अशा घरात कोण येऊन बसणार?

पण मथूच्या जिवाला घोर होता तो बकूचा. आई गेल्यापासून बकू एक शब्द बोलली नव्हती. पानातला घास चिवडायची आणि उठायची. गेल्या वर्षी ढगळ होणारं तिचं परकर-पोलकं यंदाही ढगळच होत होतं.

एक दिवस लांबच्या गावाहून गोदामावशी आली. दारातच उभी राहिली, आत बसली नाही. तिनं काळी भिंत पाहिली, उजाड परस पाहिलं, मग बकूचे काटकुळे हात पाहिले.

"दाजी, राग मानू नका," ती आप्पांना म्हणाली, "पण ज्या घरात पाहुण्याला बसावंसं वाटत नाही, अन् परसात भाजीचं पान नाही, त्या घरात मूल वाढत नाही. मी पुढल्या पुनवेला परत येते. तोवर घराला घरपण आलं तर ठीक. नाहीतर बकूला मी माझ्याकडं नेते."

मावशी वाईट नव्हती हो. डोळे पुसतच ती गेली. तिचं म्हणणं आप्पांनाही पटलं होतं. मथूनं मात्र बकूला घट्ट पोटाशी धरलं. काहीही झालं तरी बकूला जाऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन रानात निघाली. रानातल्या झऱ्याच्या काठाला छान पांढरी माती मिळते, तिनं भिंत पोतारावी असा तिचा विचार. मथूच्या अंगावर दागिने दोनच, एक तिची स्वतःची निळी बांगडी आणि एक आईची हिरवी. आईची तिला सैल व्हायची, म्हणून ती कोपराच्या वर चढवून ठेवी.

झऱ्याच्या काठी, जांभळाच्या गार सावलीत, एक मुलगी रडत बसली होती. मथूएवढीच, पण तिच्या पाठीवर गुलाबी-जांभळे, झिरझिरीत पंख होते आणि केसांत दवाचे थेंब चमचमत होते. ती परी होती!

"का गं रडतेस?" मथूनं हळूच विचारलं.

"आज आमच्या रानात फुलांचा उत्सव आहे," परी मुसमुसत म्हणाली. "सगळ्याजणी किणकिणत नाचतील. माझ्या बांगड्या झऱ्यात वाहून गेल्या. भुंड्या हातानं मी कशी जाऊ?"

मथूनं एक क्षणही विचार केला नाही. आपली निळी बांगडी काढली. "दे बरं हात. कासाराच्या लेकीसमोरून कुणी भुंड्या हातानं जायचं नसतं."

तिनं परीचा नाजूक हात झऱ्याच्या पाण्यानं भिजवला, अंगठ्याचं पेर आप्पांसारखंच अलगद दाबलं, आणि विचारलं, "तुमच्या रानात कोणकोणती फुलं उमलतात गं?" परी जाई, जुई, सोनटक्का अशी नावं सांगू लागली, आणि ती संपायच्या आत बांगडी मनगटात गेलीसुद्धा. दुखलं नाही की खुपलं नाही. परी खुदकन हसली.

"गुणी आहेस तू," ती म्हणाली. "माग. काय देऊ?"

मथूनं मावशीचं बोलणं जसंच्या तसं परीला सांगितलं. "मला दुसरं काही नको. आमच्या घरात मूल वाढू दे."

परी विचारात पडली. मग तिनं आपल्या बोटाचं टोक मथूच्या जिभेला लावलं. मधासारखं गोड लागलं.

"तुझ्या जिभेवर मी एक शब्द ठेवलाय, वाढ. तो तीनदा खरा होईल. पण नेम नीट ऐक. तुझ्या मनात काय आहे ते हा शब्द विचारणार नाही. तोंडातून निघेल तसं तो आपलं काम करील. झालेलं परत फिरवता यायचं नाही. आणि तिसऱ्यांदा होईपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही."

एवढं बोलून परी किणकिणत झाडीत दिसेनाशी झाली.

मथू हरखून गेली. एकदा सोप्यासाठी, एकदा परसासाठी, एकदा बकूसाठी! मातीची टोपली डोक्यावर घेऊन ती भराभर उतरू लागली. घाईत पाय घसरला, हात खडकावर आपटला, आणि खळ्ळकन आवाज झाला.

"अगंबाई! आईची बांगडी वाढली!"

झालं! आता तुम्ही म्हणाल, फुटली म्हणायचं सोडून वाढली कशाला म्हणाली? अहो, ती कासाराची पोर. आपण नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो ना? तशी कासाराच्या घरात बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. बोबडं बोलत होती तेव्हापासून मथूला हेच शिकवलेलं.

आणि बांगडी खरोखरच वाढली. हिरव्या तुकड्यांतून लाल तुकडे निघाले, लालमधून निळे, निळ्यातून पिवळे, केशरी, मोरपंखी. बघता बघता पायवाटेवर काचांचा लखलखता ढीग झाला. आईची बांगडी मात्र पुन्हा सांधली नाही.

मथू तिथंच बसून खूप रडली. आईच्या हातातली एकुलती एक बांगडी गेली होती, आणि एक वरही फुकट गेला होता. पण ही गुरांमागून येणाऱ्या अनवाणी पोरांची वाट, तिथं काच टाकून कसं जायचं? डोळे पुसून तिनं तुकडा न् तुकडा ओच्यात भरला. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की एकही तुकडा बोटाला लागत नाही. सगळ्यांचे काठ गुळगुळीत होते.

त्या दिवसापासून सोप्यात काम सुरू झालं. मथूनं उखणलेली जमीन चोपून शेणानं सारवली. आप्पांनी पांढऱ्या मातीनं भिंत पोतारली. भिंत ओली होती तोवर मथूनं तिच्यात बांगड्यांचे तुकडे दाबून बसवले. हिरव्या तुकड्यांचे वेल झाले, लाल तुकड्यांची फुलं झाली, आणि वेलावर दोन हिरवेगार पोपट येऊन बसले. शेजारच्या हौसाकाकूंनी वाटीभर गेरू दिला, त्याची काठाकाठानं नक्षी झाली. चिरलेल्या माठालाही गेरू फासून तो कोपऱ्यात ठेवला, त्यात मोगऱ्याची फांदी खोचली. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी फाटक्या चटईवर अंथरली, आणि ती खोली आईच्या पदराच्या वासानं भरून गेली. बाजारातून काही म्हणजे काही आणलं नाही.

बकू दाराआडून सगळं पाहत होती. एका पोपटाला डोळा नव्हता. ती हळूच पुढं आली, एक काळा तुकडा उचलला आणि बरोब्बर जागी बसवला. बोलली नाही, पण आली. मथूला तेवढ्यानंही भरून आलं.

दुपारी दारातून ऊन आत आलं की सोपाभर रंगीबेरंगी कवडसे नाचू लागत. ते पाहायला बायका आल्या, बसल्या, बांगड्याही भरल्या. जाताना कुणी मेथीचं बी दिलं, कुणी दोडक्याचं, कुणी वालाचं, कुणी भोपळ्याचं. मथूनं परस खणलं, दगड वेचले, वाफे केले आणि बी पेरलं.

आता पाणी हवं होतं. रानातला झरा गावात उतरेपर्यंत करंगळीएवढा होई. त्या धारेखाली सारं गाव घागरी लावून बसे. हौसाकाकूंचा नंबर आला तेव्हा त्यांनी आपली भरलेली घागर मथूच्या कडेवर ठेवली.

"काकू, तुमच्या वांग्यांचं काय?"

"वाळली तर वाळली गं. ती काय, पुन्हा लावता येतील. तुझं बी रुजलं पाहिजे. बकू आमचीपण आहे."

मथू घागर घेऊन उभीच राहिली. परसात जाऊन तो शब्द उच्चारायचा अवकाश, वाफे एका दिवसात तरारले असते. पण ज्यांनी बी दिलं त्यांचीच परसं कोरडी राहायची? तिला ते गोड वाटेना. ती धारेशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "झऱ्या, वाढ."

आत खोल काहीतरी घुमलं, आणि झरा खळाळत बाहेर आला! घागरी भरल्या, हौद भरला, पाट भरून वाहिले. पोरं नाचली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. हे कसं झालं ते कुणालाच कळलं नाही, आणि मथूनं सांगितलं नाही.

पाणी मिळालं, पण झाडांना घाई चालत नाही. मथू रोज पाणी घाली, तण काढी, आणि आकाशातल्या चांदोबाकडे धास्तीनं पाही. तो दिवसेंदिवस गोल होत होता. पुनव जवळ आली तेव्हा दोडका नुकता काठीला लागला होता, भोपळा जमिनीवर रांगत होता. वाढलेली होती ती फक्त मेथी, तीही एका वाफ्यातली.

एक शब्द अजून उरला होता. तो बकूवरच टाकावा, असं मथूच्या मनात फार येई. पण शब्द मनातलं विचारत नाही ना! बकू एकदम वाढून मोठी बाई झाली तर? तिचं बालपणच हरवलं तर? नको. त्यापेक्षा पुनवेच्या दिवशी परसात जाऊन म्हणायचं. मावशी हिरवंगार परस पाहील, आणि बकू वाचेल.

पण पुनवेला मावशी अगदी सकाळीच दारात हजर! मथूला परसात जायला सवडच मिळाली नाही. मावशीनं सोपा पाहिला. भिंतीवरून हात फिरवला, बहिणीच्या लुगड्याच्या गोधडीवर बसली. मग परसाच्या दाराशी जाऊन आली.

"सोपा छान केलास, पोरी," ती म्हणाली. "पण परस अजून कोवळंच आहे. आणि बकू? ती अजून तशीच आहे गं."

आता परस वाढवावं, तर मावशीनं ते कोवळं पाहून झालेलं; हे कसं झालं ते मथू तिला काय सांगणार? आणि पाहुणी तर भुकेली होती. तिनं मेथी खुडली, भाजी परतली आणि भाकऱ्या थापायला बसली. आप्पा नि मावशी सोप्यात पानावर बसले. मथूचे दोन्ही हात पिठात, तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली, मावशीचं पान रिकामं. अशा वेळी कुठल्याही घरात थोरली बहीण धाकटीला जे म्हणते, तेच ती म्हणून गेली.

"बकू, वाढ गं!"

म्हटलं, आणि पिठाचा हात तिनं तोंडावर दाबला. तिसरा शब्द गेला! तिला वर बघायचंही धाडस होईना.

बकू उठली. आपल्या इवल्या हातांनी तिनं भाजीचं पातेलं उचललं, जपून जपून सोप्यात नेलं, आणि मावशीच्या पानात मेथीची भाजी वाढली. मग आप्पांच्या पानात. पुन्हा मावशीजवळ आली, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि वर्षभरानं त्या घरात एक किनरा आवाज उमटला.

"मावशी, अजून वाढू?"

आप्पांचा घास हातातच राहिला. मावशीनं बकूला ओढून मांडीवर घेतलं. "वाढ गं माझ्या सोने, वाढ!" म्हणत तिनं भाजी-भाकरीचा घास बकूच्या तोंडाशी नेला. बकूनं तो खाल्ला. मग दुसरा मागितला, मग तिसरा. तिच्या गालांवर गुलाबी रंग चढला, हात भरल्यासारखे दिसू लागले, आणि ढगळ परकर-पोलकं तिच्या अंगाला अगदी नेमकं बसलं. बाई नाही झाली ती. पाच वर्षांची मुलगी जेवढी असावी, तेवढीच झाली.

"दाजी," मावशी रडत रडत हसली, "मी चुकले. ह्या घरात मूल वाढतंय."

तेवढ्यात दारातून ऊन आत आलं. भिंतीवरचा वेल न् वेल उजळला, पोपटांचे पंख थरथरले, आणि रंगांच्या त्या झगमगाटात परी उभी राहिली. मनगटात निळी बांगडी होती. ती एकट्या मथूलाच दिसली.

"तिन्ही शब्द झाले, मथू," ती म्हणाली. "आणि ही वरची. हिशेबाबाहेरची, आशीर्वादाची."

तिनं मथूच्या ओल्या पिठाच्या हातात एक हिरवी बांगडी भरली. आईचीच ती, अखंड, आणि आता मनगटात अगदी नेमकी बसणारी. मथूनं मान वर केली तोवर परीचे पंख उजेडात विरघळत चालले होते. हिरवा, लाल, निळा, सोनेरी उजेड सोपाभर पसरला, भिंतीवर चढला आणि काचेच्या तुकड्यांत शिरून शांत झाला. दूर रानात बांगडीची किणकिण तेवढी ऐकू आली.

पुढं दोडके लागले, वाल लागले, भोपळे इतके लागले की गावभर वाटूनही उरले. मथूचं घर जसं वाढलं, तसं तुमचंही वाढो. आणि घरी पाहुणा आला तर बाळांनो, आधी त्याला वाढा.