कुंदपरीच्या दोन पाकळ्या

करवंदीच्या जाळ्यांपलीकडे एका इवल्याशा झोपडीत रेवू आणि तिची आई राहत. आईची दाढ फार दुखत होती. गाल टम्म सुजला होता, भाकरीचा मऊ पापुद्राही चाववत नव्हता. घरातल्या लवंगा संपल्या, तेव्हा रेवू बाभळीची साल आणायला रानात गेली.

तिथे कुंदाच्या झुडपात काहीतरी लुकलुकलं. कोळ्याच्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकली होती. निळेजांभळे पंख, केसांत दवाचे मणी. रेवूने हलक्या बोटांनी एकेक धागा सोडवला.

परी हसली. "काय हवं बाळा तुला?"

"आईची दाढ दुखायची थांबू दे."

परीने तिच्या ओंजळीत दोन चमचमत्या पाकळ्या ठेवल्या. "किडक्या दाताला पाकळी लाव, तो न दुखता गळून पडेल. एक आईला, एक वाटेत ज्याला लागेल त्याला. पण आधी विचारायचं, मग नीट बघायचं, आणि जे होईल ते खरं सांगायचं."

वाटेत धोंडूआजोबा कुंभार गाल धरून कण्हत बसले होते.

"आजोबा, दात काढू का?"

"काढ गं पोरी. हा बघ, खालचा."

रेवूने त्या दाताला पाकळी लावली. दात टपकन हातात आला.

"दुखलंसुद्धा नाही की," आजोबा खुलले.

रेवूने दात पाहिला. पांढराशुभ्र, धडधाकट. मग तिने आजोबांच्या तोंडात पाहिलं. वरची दाढ काळी पडली होती, तिचीच कळ खाली उतरत होती. आजोबांनी बोट दाखवलं आणि रेवूने बघितलंच नव्हतं.

आजोबांना काहीच कळलं नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर उरलेली पाकळी आईला मिळाली असती.

रेवूने तो दात आजोबांच्या हातावर ठेवला. "आजोबा, मी चांगला दात काढला. किडलीय ती वरची दाढ. पाकळीच्या गारव्याने आता बरं वाटतंय, पण पुन्हा दुखेल."

"सुपारी फोडायचा तेवढाच एक दात होता माझा," आजोबा हळूच म्हणाले. "आणि ती तुझ्या हातातली दुसरी पाकळी?"

"आईची आहे. पण माझ्या चुकीचं दुखणं तुम्ही का सोसायचं? वरची काढू?"

आजोबांनी आ केला. रेवूने या वेळी आधी नीट बघितलं, मग काळ्या दाढेला दुसरी पाकळी लावली आणि दाढ गळून पडली.

घरी येऊन रेवूने आईला सगळं सांगितलं. आईने तिला जवळ ओढलं. "दुखतंय गं फार. पण बरं केलंस."

तोच झोपडी सोनेरी झाली. दारात कुंदपरी उभी होती.

"आजोबांचा दात परत बसव ना," रेवू म्हणाली.

"पडलेला दात मलाही बसवता येत नाही, राणी. म्हणून तर आधी बघायचं." मग परी आईकडे वळली. "तुमच्या दाढेला हात लावू का?"

आईने मान हलवली. परीने आधी नीट निरखलं, मग दाढेला बोट टेकवलं. सूज दवासारखी विरली. "हिच्या पाकळ्याही तशाच आहेत," म्हणत रेवूच्या हातात कधीही न सुकणारी कुंदाची डहाळी देऊन परी प्रकाशात मिसळून गेली.

सकाळी धोंडूआजोबा आजीला घेऊन आले. आजीने गालाला पदर लावला होता.

"मी नाही बाई दात काढून घेणार. हिने तुमचा धड दात काढला ना?"

"काढला. पण मला कुठे कळलं होतं? हिनेच सांगितलं. बस तू."

आजी बसली.

"आजी, आधी मला बघू द्या हं," रेवू म्हणाली.