साल राजाची, गर बकरीचा

एकदा काय झालं, तोलाजी राजाला नात झाली. राजाचं पोट एवढं, की बसला की मांडी दिसायची नाही. हसताय काय, तुमच्या आजोबांकडे बघा आधी.

आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते, तिकडे आजोबा ठेवायचे. तेही डोंगरावर देवीपुढे, तीनशे पायऱ्या आपल्या पायांनी चढून. पालखी चालायची नाही, बरं का. आजोबा चढले नाहीत तर पोर बिननावाची.

राजा निघाला. तिसाव्या पायरीवर मटकन बसला. छाती धाडधाड उडायला लागली. वैद्यबुवांनी नाडी धरली.

"महाराज, पन्हळीत पाला अडकावा तशा रक्ताच्या वाटा तुंबल्यात. तूप आवरा. रोज थोडं चाला."

तिकडे नाव नाही म्हणून बाळाला सगळे आधीच 'ए गठुडं' म्हणायला लागले होते. राजाचे डोळे भरून आले. माझी नात, आणि गठुडं?

तेवढ्यात शेजारून एक बकरी टुणटुण उड्या मारत वर गेली. ती मागून येणाऱ्या चिमणाक्काची. चिमणाक्का राजाची फळं सोलायची. राजाने सालीला तोंड लावायचं नाही, असा राजवाड्याचा रिवाज. साली जायच्या बकरीला.

"अक्का, हिला काय खायला घालतेस गं?"

"तुम्ही टाकता ते, महाराज."

"मग आजपासून तिचं मला, माझं तिला."

अक्काने कपाळाला हात लावला, पण राजापुढे बोलणार कोण?

मग राजाने पेरूच्या साली खाल्ल्या. महिन्याने शंभर पायऱ्या चढला. मग संत्र्याच्या सालीची चटणी, भाकरीला लावून. तोंड कडूजहर, पण दोनशे झाल्या. मग वरणात लिंबाची साल किसून. तूप तर कधीच सुटलं होतं.

बारशाचा दिवस उजाडला. राजा नातीला कडेवर घेऊन निघाला. पुढे बकरी. तिसाव्या पायरीवर बकरी मटकन बसली. तीन महिने गर खाऊन ढोल झालेली ती.

"बघा महाराज," अक्का म्हणाली, "फळ दोघांनी सालीसकट खाल्लं असतं, तर हिला उचलायची वेळ आली नसती."

राजाने बकरी खांद्यावर घेतली. एका हातात तिचे पाय, दुसऱ्या कडेवर नात. तीनशेच्या तीनशे चढला. नातीच्या कानात सांगितलं, "नारंगी." पोर खुदकन हसली.

तेव्हापासून एका पेरूच्या दोन फोडी व्हायच्या, सालीसकट. एक राजाला, एक बकरीला. सगळी सुखात राहिली.

आता डोळे मिटा. आणि उशीखाली सफरचंदाची साल कोणी लपवलीय ते दिसतंय हं. खाऊन टाका आणि झोपा.