मधोमध ठेवलेले चाक

राजे स्वतःच्या पायांनी बागेत फिरायला जात, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका नगरात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. सात वर्षांपूर्वी त्यांचे भांडण झाले होते. कशावरून झाले ते कोणाला आठवत नव्हते. त्यामुळे ते मिटवण्याचीही काही सोय उरली नव्हती.

दोन्ही आळ्या संध्याकाळी राजाच्या बागेत येत. वरची आळी पूर्वेला बसे, खालची पश्चिमेला. एकमेकांशी बोलायचे नाही असा नेम होता. अगदीच अडले तर मधल्या कडुनिंबाला सांगायचे.

"कडुनिंबा, त्यांना सांग, त्यांची म्हैस आमच्या दारात आली आहे."

"कडुनिंबा, त्यांना म्हणावं, दूध काढून घेऊ नका."

कडुनिंब काही सांगत नसे. तरी त्याला नगरात मोठा मान होता.

वरच्या आळीत एक म्हातारा सुतार होता. त्याची एकुलती एक मुलगी खालच्या आळीत दिली होती, भांडणाच्या आधी. रोज संध्याकाळी तो तिला लांबून पाही, आणि ती त्याला. तेवढ्यावर त्याचा दिवस निघे.

एके दिवशी राजा वैतागला. "बागेच्या मधोमध भिंत घाला," तो म्हणाला, "म्हणजे झाडाचा तरी त्रास वाचेल."

सुतार धावत दरबारात गेला. "महाराज, भिंत झाली तर मला माझी लेक दिसायची नाही. मला पौर्णिमेपर्यंत मुदत द्या. बागेत असं काही खेळणं करतो की लोक आपणहून बोलतील."

"माझ्या हुकमाने बोलले नाहीत, ते तुझ्या लाकडाने बोलणार?" राजा हसला. पण मुदत दिली.

सुताराने जीव ओतून वीस लाकडी घोडे केले. प्रत्येक घोडा इतका तोलात की बसणाऱ्याने नुसता श्वास सोडला तरी डुलावा. कोणाच्या हाताची गरज नको, हीच तर चांगल्या सुताराची खूण. लोक आले, बसले, डोळे मिटून डुलले आणि घरी गेले. कोणी चकार शब्द काढला नाही.

राजा म्हणाला, "उत्तम काम. एकटं बसायचीही आता किती छान सोय झाली!"

सुतार घरी आला. मग त्याने आपल्या हातांकडे पाहिले. जन्मभर या हातांनी कधी काही अपुरे सोडले नव्हते. आता तेच शिकायचे होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भिंतीसाठी आखलेल्या रेषेवरच, त्याने एक प्रचंड चाक आडवे बसवले. खाली एकच खुंट. कडेला समोरासमोर बैठका, अर्ध्या पूर्वेला, अर्ध्या पश्चिमेला. एका बाजूला भार पडला की चाक कलून जमिनीला टेके आणि अडून बसे.

वरच्या आळीचा लठ्ठ हलवाई बसला. चाक धप्पकन कलले. पलीकडे खालच्या आळीचे किडकिडीत पंतोजी त्याच वेळी कुतूहलाने टेकले होते. ते एकदम आभाळाकडे गेले.

"कडुनिंबा," पंतोजी वरून म्हणाले, "त्या गृहस्थांना सांग, मी अडकलो आहे."

"कडुनिंबा, त्यांना म्हणावं, थोडं खात जा."

एवढे बोलून हलवाई उठू लागला.

"अहो, उठू नका! मी पडेन!" पंतोजी ओरडले. झाडाला नव्हे, थेट हलवायाला.

सारी बाग वळून पाहू लागली. सात वर्षांतला तो पहिला शब्द होता. हलवाई अर्धा उठला होता, तसाच परत खाली बसला.

"बरं, नाही उठत," तो म्हणाला. "पण तुमच्याकडची आणखी दोन माणसं बोलवा की!"

दोन आली. मग इकडून एक, तिकडून एक. "अहो काकू, जरा डावीकडे." "तुम्हीच सरका, मामा!" चाक हळूहळू वर आले. एकच बैठक पूर्वेला रिकामी होती आणि तिच्या समोरची पश्चिमेला. सुतार जाऊन बसला. समोर त्याची मुलगी येऊन बसली.

चाक सरळ झाले. इतके जड लाकूड, इतकी माणसे, आणि सगळे एका खुंटावर, जमिनीपासून हातभर उंच, पाण्यावरच्या पानासारखे स्थिर. कोणी पायाने हलकेच रेटले आणि ते फिरू लागले. पूर्व पश्चिमेला गेली, पश्चिम पूर्वेला आली. कोण कोणत्या आळीचे, ते कळेना. सुताराने स्वतःच ते घडवले होते, पण तोही देवळात उभे राहावे तसा बघत राहिला.

"आबा," मुलगी म्हणाली, "घट्ट धरा हं."

"धरलंय, पोरी."

चाक पाहायला बागेत आलेल्या राजाच्या कानाशी प्रधान लागला. "महाराज, उद्याच्या भिंतीचे गवंडी आले आहेत."

"त्यांना चाकावर बसवा," राजा चाकावरची नजर न काढता म्हणाला. "आणि माझ्यासाठी कोणाला तरी सरकायला सांगा."

भिंत झाली नाही. दोन्ही आळ्या आजही भांडतात, पण आता समोरासमोर, आणि संध्याकाळपर्यंत मिटवून टाकतात. कारण संध्याकाळी चाक फिरवायला पलीकडचे माणूस लागते.

बोध: जे एकट्याने पुरे होत नाही, तेच माणसाला माणसाजवळ आणते.