तुरीच्या कळीवरची राजकन्या

एका राज्यात मदयंती नावाची राणी होती आणि तिची एकुलती एक लेक होती सुरंगी. लेक उपवर झाली, तरी राणी तिला आपल्या हाताने भरवी, तिची वेणीफणी स्वतः करी. दासींची बिशाद नव्हती तिच्या केसांना हात लावायची!

काळजंघ मांत्रिकाने सुरंगीला मागणी घातली, तेव्हा राणीने त्याला हाकलून दिले. त्याने जाता जाता मूठभर राख फुंकली, आणि लेक तुरीच्या कळीवरचे अंडे होऊन बसली, मोहरीहूनही बारीक.

राणी तुरीच्या शेतात धावली. तेव्हा बांधावरची साळुंकी बोलली, "राणी, तीनदा तुझे हात शिवशिवतील. एकदा जरी तिला वाचवायला गेलीस, तर लेक हातची गेली."

अंडे फुटले. हिरवी अळी कळीला भोक पाडून आत शिरली, ती बाहेर येईना. राणीला वाटे, आत गुदमरली असेल, कळी उकलावी. तिने हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले.

अळी बाहेर आली, तोच मुंग्यांची रांग आली. मुंग्या पळवायला राणीने सवयीने मूठभर हळद घेतली. मुंग्यांनी अळीला घेरले, तिच्या पाठीवरचा गोड थेंब चाटला आणि तिला बिळात नेले. लेकीला जिवंत गाडताना कोणती आई बघेल हो? पण राणीने मूठ उघडली नाही. पुढे काळजंघ सरडा होऊन बिळात डोकावला, तेव्हा त्याच मुंग्यांनी त्याला डसून पळवले.

बिळात अळीचा कोष झाला. एका सकाळी काहीतरी ओले, चुरगळलेले बाहेर आले, काडीवर चढले आणि धडपडू लागले.

"आई, माझे पंख सोडव."

आवाज सुरंगीचाच! राणीचा हात पुढे गेला. इतक्यात तिला शेजारच्या काडीवर सरडा दिसला; त्याचा गळा हलत होता, आवाज तोच काढत होता.  तिने हात मागे घेतला.

पंख आपसूक उलगडले. आतून निळे, बाहेरून राखाडी, ठिपक्यांचे. मागच्या टोकाला बारीक शेपट्या आणि दोन काळे खोटे डोळे. तेच डोके समजून सरड्याने झडप घातली. तोंडात पंखाचा तुकडा आला. खरे डोके दुसऱ्या टोकाला होते. वार फुकट गेला, मंत्र उलटला, आणि काळजंघाची जागच्या जागी राख झाली.

समोर सुरंगी उभी होती. पदराचे टोक फाटलेले, केस मोकळे. त्या दिवसापासून त्या राज्यात मुंग्यांवर कोणी हळद टाकीत नाही.

राणीचा हात केसांकडे गेला आणि मध्येच थबकला.

"लावू का गं हात?" तिने विचारले.

सुरंगीने मान पुढे केली.