धुपाचा वास

"देव पुरतो की नाही माणसाला? एवढंच सांगा, फादर."

प्रश्न तरुण फादर नेल्सनचा होता, पण त्याला खरं तर विचारायचं नव्हतंच. होकार ऐकायचा होता. वसईतल्या चर्चची गजबजलेली पॅरिश सोडून कायमचं एकांतात राहायचं, असं त्या धर्मगुरूने ठरवून टाकलं होतं. बिशप म्हणाले होते, "डोंगरावर जा. फादर पास्कोल हो म्हणाले, तर माझी हरकत नाही."

फादर पास्कोल कित्येक वर्षं त्या डोंगरावरच्या कुटीत एकटेच राहत. शिधा दाराबाहेरच्या दगडावर ठेवायचा आणि निघून जायचं, आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आज तो त्यांनी बिशपांच्या शब्दाखातर मोडला होता.

त्यांनी धुपाटण्यात आणखी चिमूटभर धूप टाकला.

"माणसांना कंटाळलास?"

"मला त्यांची गरजच वाटत नाही. सणाच्या बँडवरून कुणाचा रुसवा, बांधावरून कुणाचं भांडण... आईचा फोन आला तरी मी दोन मिनिटांत ठेवतो. एकटेपणा म्हणजे काय, मला ठाऊक नाही."

शेवटचं वाक्य त्याने जरा छाती पुढे काढूनच म्हटलं.

"बरं. इथे वास कसला येतो, सांग."

"धुपाचा. आत आल्याआल्या मन कसं शांत झालं."

फादर पास्कोलांनी धुपाटणं उचलून बाहेर नेऊन ठेवलं.

"आता?"

...

कुजका वास नाकात शिरताच नेल्सनने खिशातून रुमाल काढून नाकावर धरला.

"महिनाभर येतोय," फादर पास्कोल म्हणाले. "सैतान छळतोय, असंच मी धरून चाललो. उपास वाढवले, धूप वाढवला. हटत नाही मेला."

"सैतान कसला, फादर! उंदीर मेला असेल."

त्याने खाटेखाली वाकून पाहिलं. कौलांकडे पाहिलं. कोपऱ्यातलं पिंप सरकवलं. वासाचा माग काढत तो म्हाताऱ्यांच्या पाठीमागे आला आणि तिथेच थांबला.

"फादर..."

"सापडला?"

"तुमच्या पाठीकडून येतोय."

म्हातारे झग्याची बटणं काढू लागले. त्यांना ती निघेनात, तेव्हा नेल्सननेच काढली. पाठीला चिकटलेलं कापड पाण्याने भिजवून हळूच सोडवलं.

खांद्याखाली तळहाताएवढी काळपुळी फुटली होती. तिच्यात अळ्या वळवळत होत्या.

नेल्सन मागे सरकला आणि भिंतीवर आदळला.

"दुखत नव्हतं तुम्हाला?"

"दुखायचं की. मी ते क्रुसावरच्या ख्रिस्ताला अर्पण करायचो."

...

"खूप मोठं आहे का रे?"

आजवर बिशपसुद्धा ज्यांचा सल्ला घेत, त्या माणसाचा आवाज घाबरलेल्या पोरासारखा झाला होता. नेल्सनला रडूच कोसळलं. रडत रडतच त्याने चूल पेटवली, पाणी तापवलं, पंचा फाडला आणि जखम पुसायला घेतली. त्याचा हात लागला तसे म्हातारे शहारले. इतक्या वर्षांत त्या पाठीला कुणाचा हात लागलाच नव्हता.

"चला, खाली दवाखान्यात जाऊ. मी धरतो तुम्हाला."

"चल."

नेल्सनच्या खांद्याचा आधार घेऊन ते दारापर्यंत आले. तिथे थांबले.

"अजून यायचंय तुला इथे राहायला?"

नेल्सनने डोळे पुसले. मग जुनी ऐट सावरत म्हणाला,

"तुमचं वय झालंय, फादर. मी धडधाकट आहे. माझ्या पाठीवर असलं काही नाही."

म्हाताऱ्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"कुणी पाहून सांगितलं?"