वरची फांदी

फार पूर्वी वानरंही माणसांसारखीच राज्य करायची आणि माणसांसारखीच ते घालवायची.

डोंगरातल्या एका चिंचेवर त्यांचा कळप राहायचा. सगळ्यात वरच्या फांदीवर बसेल तो राजा! दर उन्हाळ्यात कुणी नवा हुप्प्या यायचा आणि 'हुप्प!' करून जुन्या राजावर झेप घ्यायचा. त्या झटापटीत पिल्लं खाली पडायची. वरची फांदी हलली, की आया पिल्लांना पोटाशी धरून पळत सुटायच्या. भुरी नावाच्या वानरीचं थोरलं पिल्लू असंच पडून गेलं होतं.

एकदा राजा पळाला. नवा हुप्प्या वर चढायच्या आत भुरीच त्या फांदीवर जाऊन बसली.

"उतर खाली!" हुप्प्या गुरकावला. "तुला हुप्प तरी करता येतं का?"

"नाही बाबा. पण पिल्लं न पाडता बसता येतं. तुला राहायचं तर राहा, खालच्या फांदीवर जागा आहे."

हुप्प्या उडी मारणार, तोच साऱ्या वानरी भुरीला खेटून बसल्या. त्याला उडी टाकायला फांदीवर जागाच उरली नाही. तो घसा बसेपर्यंत ओरडला आणि मग मुकाट्याने खालच्या फांदीवर टेकला.

कितीतरी उन्हाळे गेले. एका दुपारी वरची फांदी करकरून हलली. म्हाताऱ्या भुरीने दचकून नातीला पोटाशी ओढलं.

"अगं आजी, घाबरतेस काय?" नात हसत म्हणाली. "वारा आहे नुसता!"